सरपंचबाईंचा फोटो

तळ्याकाठचं अतिक्रमण हटवायचंच, असं आमच्या सरपंच शोभाताईंनी ग्रामसभेत ठणकावलं. दुसऱ्याच दिवशी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. अंग कुण्या परक्या बाईचं, उघडं. त्यावर चेहरा ताईंचा चिकटवलेला.

सकाळी मी त्यांच्यासोबत पंचायतीत निघाले होते. पारावरच्या माणसांनी आम्हाला बघताच मोबाइल पालथे ठेवले आणि नमस्कार केला. ताई थांबल्या.

"काका, फोटो खोटा आहे. अतिक्रमण खरं आहे. त्याचं बोला ना."

पुरुष सरपंचाला गाव त्याच्या कामावरून शिव्या घालतं. बाईला मात्र आधी उघडं करतं.

आम्ही पुढे निघालो. मागे कुणीतरी खुदकन हसलं. ताई वळल्या नाहीत, पण नीट असलेला पदर त्यांनी पुन्हा सावरला.