फोटोपुरती पुस्तकं

रंगराव गुरुजीले सारं गाव भला माणूस म्हणते. म्हणू दे. त्याच्या घरी एकडाव जाऊन पाहा. गाडी जुनी झाली, पण शिटावरचं प्लास्टिक आजून निघालं नाही. टीव्हीचा रिमोट पन्नीत. पाहुणा आला का त्याची बायको सरस्वतीबाई कान तुटलेल्या कपात चहा देते, नवे कप शोकेसात. त्याचं घर हाये, काहीबी करो. पण वरवट बकालजवळच्या आमच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा हाये, तिथली पुस्तकाईची अलमारीबी याच माणसाच्या ताब्यात.

सरकारातून रंगीत पुस्तकं येतात. गुरुजी त्याईले कव्हर घालते, शिक्का मारते, मधात कडूनिंबाचा पाला ठेवते अन् कुलूप लावते. "पोराईचे हात तेलकट राह्यतात. पान फाटलं तं जबाब मलेच द्या लागते." मी शाळा समितीची मेंबर. दर मीटिंगले मी भांडली, अन् दरवेळी तो हसून म्हणे, "पाहू ना, समताबाई." त्याचं पाहू म्हणजे नाही.

अलमारी उघडे ते तपासणीलेच. केंद्रप्रमुख साहेब फोटो काढाले येनार असले का गुरुजी वर्गात आडवी दोरी बांधे, तिच्यावर पुस्तकं टांगे. वाचन कोपरा म्हणे त्याले. पोरं हात धुऊन खाली बसत, एकेकाच्या हातात एकेक पुस्तक. फोटो निघाला का सारी पुस्तकं परत कुलपात.

माही पोरगी महामाया पाचवीत. आमची शाळा तिथलोरच, उन्हाळ्यानंतर ती दुसऱ्या गावच्या शाळेत जानार. एका हरवलेल्या बकरीच्या गोष्टीत तिचा जीव अडकला होता. बकरी घरी येते का नाही, एवढंच तिले पाह्याचं होतं. तिसरीपासून दर फोटोले ती तेच पुस्तक धरे. फोटो निघेस्तोर पान-दीड पान होये, का गुरुजीचा हात पुढं. घरी येऊन म्हणे, "आई, आज बकरी नदीलोर पोचली." मले असा संताप ये का त्या अलमारीले काडी लावावी.

यंदाच्या मार्चात शेवटची तपासणी. समितीची म्हणून मलेबी फोटोत बसवलं. साहेबानं महामायाले म्हटलं, "वाचून दाखव बरं." ती मधातूनच वाचाले लागली.

"सुरुवातीपासून वाच ना, बेटा. मधूनच का?"

"मागच्या फोटोले इथलोर झालं होतं, साहेब."

गुरुजी भिंतीकडे पाहाले लागला. मले वाटलं, आता साहेब याले सोलून काढते. साहेबानं काय करावं? हसला. "हुशार आहे पोरगी," म्हणला, फोटो मोबाइलातून वर पाठवला अन् गाडीत बसून गेला. दोघंबी एकाच माळेचे मणी.

गुरुजीनं महामायापुढं हात केला. दुसऱ्या हातात कुलूप होतंच.

"तिचं वाचून होऊ द्या," म्या म्हटलं.

"वेळ झाला, समताबाई."

"मंग उभे राहा."

मी पोरीजवळ बसली. तो कुलूप घेऊन उभा राह्यला, वरून घड्याळ पाहे, खाकरे. महामायानं शब्दावर बोट ठेवून ठेवून शेवटच्या ओळीलोर वाचलं.

"आली घरी," ती मले म्हणली. अन् पुस्तक गुरुजीच्या हातात देऊन तिनं इचारलं, "गुरुजी, आता दुसरं देता?"

"आता काऊन? फोटो झाला ना."

रागानं म्हणला असता तं म्या सोडून देलं असतं. त्यानं सहज म्हटलं, जसं पोरीलेच काही समजत नाही. म्या त्याच्या हातातलं कुलूप हिसकलं अन् घरी घेऊन आली.

ते आता माह्या चुलीपाशी पडलं हाये. अलमारी उघडी हाये. पोरं पुस्तकं घरी नेऊन राह्यले, काही पानं फाटलीबी. गुरुजी साऱ्या गावात सांगत फिरते, समताबाईनं शाळेची वाट लावली, मी नवं कुलूप आणतो.

आणू दे. तेबी नेईन.