आधी तळवे दिसायचे

"डाग आतला शे."

काचेवर बाहेरून बोटाच्या पेराने टकटक, मग तेच बोट आमच्या दिशेने, आणि मग हे वाक्य. काच बंद असल्याने शब्द ऐकू येत नसत. पण ओठांच्या हालचालीवरून ते संपादकीय विभागातल्या प्रत्येकाला पाठ झाले होते. काच नीट पुसली गेली नाही अशी तक्रार कोणीही करो, आबांचे उत्तर एकच. डाग त्यांच्या बाजूचा नाही, आमच्या बाजूचा आहे.

आमच्या दैनिकाची इमारत जळगावात आहे आणि तिची पश्चिमेची अख्खी भिंत काचेची आहे. मे महिन्यात या शहरात दुपारी कुत्रेही उभ्या ट्रकखालून बाहेर येत नाही. तिथे पश्चिमेला काच लावण्याची कल्पना ज्यांना सुचली, त्यांचा उद्घाटनाला शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. काच हे पारदर्शक पत्रकारितेचे प्रतीक आहे, असे मालक भाषणात म्हणाले. पहिल्याच उन्हाळ्यात प्रतीकाला जाड पडदे लावावे लागले. दुपार झाली की ते ओढले जात आणि दिवे लागत. काच स्वच्छ आहे की नाही हे पाहायला सकाळ तेवढी उरली. तरी ती स्वच्छ राहावी म्हणून एक ठेकेदार नेमला गेला आणि ठेकेदाराने आबांना नेमले.

सकाळच्या पाळीत आम्ही मोजकेच लोक असू. आबा येत आहेत हे कळण्याचा एक ठरलेला क्रम होता. आधी गच्चीवरून दोराला बांधलेली रिकामी लाकडी पाटली खाली यायची. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीसमोर ती दोन झोके घ्यायची आणि परत वर जायची. थोड्या वेळाने तळवे दिसायचे. भेगाळलेल्या टाचा, फाकलेले अंगठे, अनवाणी. मग पोटऱ्या, मग वर खोचलेला पायजमा, मग बादली आणि सगळ्यात शेवटी चेहरा. माणसाची ओळख चेहऱ्यापासून सुरू होते असा आपला समज असतो. आबांच्या बाबतीत ती उलटी होती.

आबा सोनगीरकडचे. विहिरीत उतरून गाळ काढायचा हा त्यांच्या घरचा धंदा. गावोगाव बोअर झाल्या, विहिरींचे उकिरडे झाले, आणि आबा दोर घेऊन शहरात आले. त्यांच्या मते कामात काहीच बदल झालेला नव्हता.

"हिर काय आन् इमारत काय. उतरनं तेच. हिरमा अंधार राहस, आठे ऊन राहस."

विहिरीचे नियमही त्यांनी तसेच आणले होते. आधी रिकामी पाटली सोडायची, कारण विहिरीत हवा तपासायला माणसाआधी कंदील सोडतात. कठड्याशी चपला काढायच्या. आणि तिसरा नियम सगळ्यांत मोठा: दोर घरच्या माणसाच्याच हातात हवा. म्हणून गच्चीवर त्यांची बायको बसायची. आम्ही तिला अक्का म्हणायचो. दोर पाण्याच्या टाकीच्या खांबाला पक्का बांधलेला असे, अक्कांवर वजन नसायचे. तरीही आबा वर येईपर्यंत त्यांचा एक हात दोरावर असायचा. दुसऱ्या हाताने त्या भाजी निवडायच्या. खालून दोन हिसके आले की हाक द्यायच्या, "ऊनात का?" म्हणजे आलात का.

ठेकेदाराने सुरक्षेसाठी कंबरपट्टा दिला होता. तो टाकीच्या नळाला टांगलेला असे. नळ सुरक्षित होता.

भीती वाटत नाही का, असे नवीन आलेला प्रत्येक जण आबांना एकदा तरी विचारायचा. हा प्रश्न त्यांच्या आवडीचा होता.

"भ्याव कसानं? खाले काय शे? काहीच नही."

असे म्हणून ते खरोखर खाली पाहायचे, विचारणाऱ्याकडे पाहायचे आणि थुंकायचे. खाली दुचाकींचे वाहनतळ होते, हे त्यांना थुंकताना आठवत नसे.

कामाच्या बाबतीत मात्र आबा विलक्षण काटेकोर समजले जात. एकेक काच ते दोनदा, कधी तीनदा पुसायचे. नाक काचेला टेकेपर्यंत जवळ यायचे, डोळे बारीक करायचे आणि मान हलवून पुन्हा साबणाचे पाणी मारायचे. पुढे सरकून परत मागे यायचे. दुसऱ्या माणसाने सकाळभरात मजला उरकला असता, आबांचा अर्धाही होत नसे. आमचे व्यवस्थापक हे दृश्य आतून पाहत आणि म्हणत, "अशी माणसं राहिली नाहीत आता." आम्ही माना डोलवायचो. दिवसभर बातम्यांमध्ये खोट शोधणारी आम्ही मंडळी, पण हातभर अंतरावर एक माणूस स्वच्छ काच पुन्हा पुन्हा का पुसतो, असा प्रश्न एकालाही पडला नाही.

एकदा वातानुकूलन बंद पडले आणि आम्ही दोन खिडक्या सरकवून उघड्या ठेवल्या. आबा वरून आले. उघड्या खिडकीसमोर थांबले, मगभर साबणाचे पाणी घेतले आणि सपकन मारले. ते थेट क्रीडा पानाच्या उपसंपादकाच्या कीबोर्डवर. नंतर त्यांनी हवेतच वरपासून खालपर्यंत वायपर फिरवला, निथळला आणि पुन्हा फिरवला.

"आबा! खिडकी उघडी आहे!" उपसंपादक किंचाळला.

आबांनी वायपर खाली घेतला. मग बोट पुढे करून म्हणाले, "तुम्हना तठे धूळ व्हती. आतला डाग शे."

विभाग हसून लोटपोट झाला. आदल्या आठवड्यात या उपसंपादकाने आबांची तक्रार केली होती, त्याचा हा हिशेब चुकता झाला असा सर्वानुमते निष्कर्ष निघाला. कीबोर्ड आयुष्यात पहिल्यांदा धुतला गेला, हेही कोणीतरी त्याच्या लक्षात आणून दिले.

पुढे वर्धापनदिनाची पुरवणी आली. दरवर्षी तीत पडद्याआड राबणाऱ्या एका माणसाचा गौरव असतो. उरलेली पाने पडद्यापुढच्या माणसांच्या जाहिरातींची. त्या वर्षी आबांची निवड झाली. नळावरचा पट्टा काढून त्यांच्या कमरेला बांधला, फोटो घेतला आणि पट्टा परत नळावर गेला. मथळा होता, 'काचेमागची तीक्ष्ण नजर'.

दुसऱ्या दिवशी आबा तिसऱ्या मजल्यावर आले, तेही जिन्याने आणि दारातून. मागे अक्का. आबा रागात होते. मजकुरात त्यांना 'अक्षरओळखही नसलेले' असे म्हटले होते. बातमीदाराने मजकूर त्यांच्यापुढे धरला, तेव्हा "तुम्हीच वाचा" म्हणून त्यांनी तो परत केला होता. बातमीदाराने त्यावरून जो अर्थ काढायचा तो काढला होता.

"मी सातवी पास शे," आबा म्हणाले. "पेपरमा अडाणी लिखं. गावमा बठ्ठास्नी वाचं. खुलासा छापा."

सगळ्या गावाने वाचले म्हटल्यावर मागणी रास्त होती. आमच्याकडे खुलाशाचा एक रिवाज आहे. मसुदा संबंधित व्यक्तीने वाचून मान्य केल्याशिवाय तो छापायचा नाही. मी तीन ओळी लिहून कागद त्यांच्या हातात दिला.

आबांनी तो लांब धरला. मग जवळ आणला. मग खिडकीकडे वळून उजेडात धरला. अक्का पुढे झाल्या, "आणा, मी वाचस." आबांनी त्यांना कोपराने मागे सारले. कागद पुन्हा नाकाशी आला. नंतर त्यांनी तो व्यवस्थित घडी करून माझ्यापुढे ठेवला.

"राहू द्या भाऊ. अडाणीच बरा."

खुलासा मागायला आलेला माणूस तो न घेता आपणहून परत गेल्याची आमच्या कार्यालयातली ही एकमेव घटना. जाताना आबा दाराच्या काचेवर आपटले. ती काच शिपाई पुसत असे. स्वच्छ होती.

अक्का मागे थांबल्या. जिन्यात त्यांनी मला हलक्या आवाजात सांगितले, "मोतीबिंदू शे. दोन्ही डोयास्ले. ठेकेदारले सांगू नका, भाऊ. त्याले समजनं तर दोरवरनं उतारी दी."

"मग ऑपरेशन?"

"भेतस. म्हणतस, डोयाले सुई लावाले देवाव नही." त्या पुढे म्हणाल्या, "हिरमा उतराले भ्यात नही. सुईले भेतस."

म्हणजे काच तीनदा पुसण्याचे कारण सरळ होते. त्यांना ती कधी स्वच्छ दिसतच नव्हती. ज्याला आम्ही वर्षानुवर्षे नजर म्हणत होतो, तो नजरेचा अभाव होता आणि आम्ही त्याचा फोटोसह गौरव केला होता. मी ठेकेदाराला काही सांगितले नाही. बातमी दाबण्याचा आमच्याकडे पुरेसा अनुभव आहे.

अक्कांनी मात्र हट्ट धरला. डोळे करून घ्या, नाहीतर मी दोराला हात लावणार नाही, असे त्यांनी बजावले. घरच्या माणसाचा हात नसेल तर उतरायचे नाही हा नियम आबांचाच. ते त्यात अडकले. भाचीचे लग्न आहे असे ठेकेदाराला सांगून दोघे जामनेरला गेली. तिथल्या एका शिबिरात आधी एक डोळा झाला, मग दुसरा. लग्न बरेच लांबले. काच पुसली जात नाही हे त्या काळात ठेकेदाराच्या लक्षात आले नाही आणि आमच्याही नाही. तिच्यावर धुळीचा जाड थर बसला.

आबा परत आले ते काळा चष्मा लावून. थेट आमच्या विभागात शिरले, चष्मा काढला आणि मला खालून वरपर्यंत न्याहाळले.

"तुम्हीच का ते? माले वाटे, तुम्ही तरणा शेतस."

क्रीडावाल्या उपसंपादकाकडे वळून म्हणाले, "आन् तुम्ही इतला जाडा!"

मग ते काचेकडे गेले. आजवर तिची ही बाजू त्यांनी पाहिलेलीच नव्हती. चिकटपट्टीचे डाग, चहाचे शिंतोडे, खुर्ची मागे रेलून झोपणाऱ्यांच्या डोक्याचे तेलकट गोल. आबांनी प्रत्येक डाग नखाने खरवडून पाहिला. चेहरा उजळत गेला.

"दखा! बठ्ठा डाग आतलाच शे!"

ते खरेच होते. इतकी वर्षे ते न पाहता सांगत होते, एवढेच. त्या विजयात ते गच्चीवर गेले. जिना चढताना कठड्याला हातही लावला नाही.

पाटली आली. तिला पुसायचे ओले फडके बांधलेले होते. आमच्या खिडकीसमोर तिने झोका घेतला, धुळीला घासली आणि वर गेली. मी तळव्यांची वाट पाहू लागलो. तळवे आले नाहीत. पाटली पुन्हा आली, पुन्हा वर गेली. तिसऱ्यांदा ती आली, तेव्हा मी उठून गच्चीवर गेलो.

आबा कठड्याशी उभे होते. चपला काढलेल्या. दोन्ही हात कठड्यावर, आणि मान खाली. अक्का टाकीपाशी मांडी घालून बसल्या होत्या, दोर हातात.

"काय झालं आबा?"

"खाले गाड्या शेतस."

"वाहनतळ आहे. पहिल्यापासून आहे."

"पहिले नव्हतं," आबा म्हणाले.

मग त्यांनी खालचे एकेक वाचायला सुरुवात केली. चहाच्या टपरीवरची पाटी. समोरच्या दवाखान्याची पाटी. पांढऱ्या गाडीचा नंबर. "'येथे वाहने लावू नयेत'," त्यांनी वाचले. त्या पाटीखाली वाहनांची रांग होती. एक अक्षर चुकले नाही. सातवी पास असल्याचा याहून चांगला पुरावा कोणी दिला नसता. वाचताना त्यांची बोटे कठड्याच्या सिमेंटमध्ये रुतल्यासारखी पांढरी पडली होती.

"आवो, बसा पाटलीवर," अक्का म्हणाल्या. "दोर मन्हा हातमा शे."

"माले माहीत शे."

त्यांनी एक पाय उचलून कठड्यावर ठेवला. तो तिथे बराच वेळ राहिला. मी तो पाय नेहमी खालून पाहिला होता. वरून तो एका म्हाताऱ्या माणसाचा पाय होता. मग त्यांनी तो खाली घेतला आणि चपलेत घातला. कोणाकडे पाहिले नाही.

अक्कांनी पाटली वर ओढून घेतली, खांबाची गाठ सोडली आणि दोर कोपराभोवती गुंडाळायला लागल्या. विहिरीवरचा आणि इमारतीवरचा, सगळा एकच दोर. गुंडाळून झाल्यावर तो खांद्यावर टाकून म्हणाल्या, "चला. चहा पिऊत."

आबा जिन्याने उतरले. या वेळी कठडा धरून, एकेक पायरी, शेवटपर्यंत.

ती दोघे परत सोनगीरकडे गेली, एवढे कळले. ठेकेदाराने आता लांब दांड्याचा ब्रश घेतलेला माणूस ठेवला आहे. तो जमिनीवर उभा राहून काच पुसतो. ब्रश दुसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचतो. तिसऱ्यावर पारदर्शक पत्रकारिता चालते, तिथे पडदे हल्ली सकाळीही ओढलेले असतात, त्यामुळे कोणाची गैरसोय नाही.

माझ्या खिडकीवर मात्र त्या दिवशी रिकाम्या पाटलीने ओढलेली एक रेघ आहे. धुळीत उमटलेली, कमानीसारखी, झोक्याएवढी. मध्यंतरी कोणी बडे पाहुणे येणार होते म्हणून पडदे उघडले, तेव्हा ती व्यवस्थापकांना दिसली. त्यांनी शिपायाला ओले फडके घेऊन बोलावले. शिपायाने आतून पुष्कळ घासले, फुंकर मारली, पुन्हा घासले. व्यवस्थापक शेजारी उभे राहून सूचना देत होते.

रेघ जाईना. बाहेरची होती.