पाहुण्यांचा माठ

डॉ. शरयूताई इंगोले यांची आणि माझी ओळख भांडणातूनच झाली. अमरावतीच्या वैद्यकीय महाविद्यालयात मी अहवाल लिहीत असे. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, म्हणून विभागाचं सगळं इंग्रजी माझ्या माथी. ताई अकोल्याहून नुकत्याच बदलून आल्या होत्या. माझा पहिलाच अहवाल त्यांनी परत पाठवला. इंग्रजी सुरेख आहे, म्हणाल्या, पण यातली बरीच वाक्यं आपल्याला माहीत नसलेल्या गोष्टींबद्दल आहेत. मी चिडले. ती वाक्यं काढली, तेव्हा अहवाल निम्माच उरला.

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त गौरव समितीने माझ्याकडे चांगल्या आठवणी मागितल्या आहेत. लिहिते. मधूनमधून मी नळाच्या पाण्याच्या प्रश्नाकडे वळले, तर समितीने कात्री लावू नये.

अकोटच्या खालच्या अंगाला, पूर्णेच्या खोऱ्यात, विहिरींचं पाणी खारट. तिथून मूत्रपिंडाचे रुग्ण आमच्याकडे येत. विहीर खारट आहे हे सरकारलाही मान्य होतं. पण घराघरांतून पिण्याच्या पाण्याचे नमुने घेतले की ते गोड निघत. म्हणजे लोक खारट पाणी पीत नाहीत, मग नळयोजनेची घाई कशाला, असा हिशेब.

ताईंना तो पटेना. त्या मला घेऊन एका गावी कौसल्याबाईंच्या घरी मुक्कामालाच गेल्या. कौसल्याबाईंचे धाकटे दीर डायलिसिसवर होते. पहिले दोन दिवस आम्हाला गोड पाणी मिळालं. तिसऱ्या दिवशी ताईंनी पेला तोंडाला लावला आणि थांबल्या. पाणी खारट होतं. आजचं पाणी वेगळं आहे का, असं त्यांनी विचारलं.

कौसल्याबाई चुलीपुढून उठल्याही नाहीत. "काल तुमी पाव्हण्या होत्या. आता घरच्याच झाल्या ना बाई. आमी हेच पेतो."

घरात दोन माठ होते. एक घरच्यांचा. दुसऱ्यातलं पाणी लांबच्या गावाहून मोटारसायकलला कॅन बांधून आणलेलं, ते फक्त पाहुण्यांसाठी. बाटली घेऊन आलेला साहेब हा पाहुणाच. त्याच्या बाटलीत खारट पाणी ओतायचं म्हणजे घराची अब्रू गेली. वऱ्हाडातल्या आदरातिथ्याने वऱ्हाडाचंच पाणी अडवून धरलं होतं. हे कुणाला कळलं नाही, कारण पाहुणेपण संपेपर्यंत कुणी थांबलंच नव्हतं.

पुढे ताईंनी आमचं पथक गावोगाव मुक्कामाला ठेवलं. नमुना घेणाऱ्यांना त्यांची एकच सूचना असे: घरची सून पिते त्या पेल्यातलं पाणी घ्या. निकाल उलटे आले. नंतर ती सूचना सरकारी पत्रकातही आली, अर्थात ताईंच्या नावाशिवाय.

त्यांच्या सचोटीचा मला फार त्रास झाला, हेही लिहायला हवं. एका सभेत पुढाऱ्यांनी त्यांच्या हाती माइक दिला. सगळे आजार या पाण्यानेच होतात, एवढं म्हणा, बाकीचं आम्ही बघतो, असा आग्रह. ताई म्हणाल्या, "पाणी खारट आहे आणि लोक तेच पितात, एवढं मला माहीत आहे. आजार त्यानेच होतो का, ते अजून तपासतो आहोत. पण गोड पाणी द्यायला त्या उत्तरासाठी थांबायचं कारण नाही." सभेला आलेल्या सरकारी साहेबांनी यातलं फक्त मधलं वाक्य टिपून घेतलं आणि योजना पुढे ढकलली. परतताना जीपमध्ये मी जे बोलले, ते कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवलेलं नव्हतं. ताई हसल्या. "काहून तापता? उद्या पुन्हा येऊ."

आणि त्या खरोखरच पुन्हा गेल्या. माझी आई अंथरुणाला खिळली होती, त्या काळातही त्यांचे दौरे चालू होते. पण रविवारी त्या आमच्याकडे येत, मला झोपायला पाठवत आणि आईशी पत्ते खेळत. आई लबाडी करायची. पाण्याच्या बाबतीत कुणाला एक थेंब न सोडणाऱ्या ताई तिथे मुकाट्याने हरत.

अखेर नळयोजना आली. कौसल्याबाईंचं गाव पाइपलाइनच्या शेवटी. अंगणात तोटी बसली, गावाची नोंद 'नळजोडणी पूर्ण' अशी झाली, आणि तोटी कोरडीच राहिली. तोट्या मोजू नका, त्यांतून पाणी येतं का ते तपासा, एवढंच ताईंचं आताचं मागणं आहे. तो प्रस्ताव कुणाच्या तरी टेबलावर पडून आहे. गौरव समारंभाला ज्यांना बोलावलं आहे, त्यांना ते टेबल ठाऊक असावं. व्यासपीठावर त्यांच्यापुढे बाटलीबंद पाणी असेल. ते पिताना त्यांनी ताईंकडे एकदा बघावं.

गेल्या महिन्यात गुडघे दुखत असताना ताई एसटीने त्या गावी जाऊन आल्या. शाल-श्रीफळ घ्यायला त्या नाही म्हणणार नाहीत. त्या कुणाचं मन मोडत नाहीत. ते काम मी करते. ताईंना उदंड आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत, हे मी मनापासून मागते. ते आयुष्य निदान इतकं असो, की त्या कौसल्याबाईंच्या घरी आगाऊ कळवून, अगदी पाहुण्या म्हणून जातील, पहिल्याच दिवशी पाणी मागतील, आणि तिथे एकच माठ असेल.