माळेखाली अडलेला उजेड

देवाशी भांडायची मला लहानपणापासून सवय. माहेर एकवीरेच्या डोंगराखालचं. आई म्हणायची, देवीवर रागवावं, पण रुसू नये. त्या वर्षी मात्र मी रुसले होते. दिवा लावायचा म्हणून लावत होते, हात जोडत नव्हते. आमच्या ह्यांच्या अंगावरचे लाल चट्टे म्हणजे गजकर्ण नव्हे, कातडीचा कॅन्सर आहे, असं नुकतंच कळलं होतं. ज्या माणसानं उठता-बसता विठोबाचं नाव घेतलं, त्याच्याच वाट्याला हे का, असं मी देव्हाऱ्यापुढे उभी राहून विचारायची आणि उत्तर येत नाही म्हणून आणखी चिडायची.

हे उर्सेच्या बाजूला एका कारखान्यात होते. निवृत्तीनंतर घोरावाडी स्टेशनाजवळच्या आमच्या घरी राहायचं, थोडं भात लावायचं आणि एकादशीला भजनात पखवाज वाजवायचा, एवढंच त्यांचं जग. लग्नाच्या आधीपासून माळकरी. आमचं ठरलं तेव्हा माझे भाऊ चिडवायचे, "ताई, आता मटणाला राम राम!" झालंही तसंच. मी माळ घातली नाही, पण यांच्या घरात वशाट कधी शिजवलं नाही. चट्टे आधी पाठीवर उठले, मग पोटावर, मग गळ्याभोवती. खाज अशी की माणूस दाराच्या चौकटीला पाठ घासत उभा राहायचा. औषधाच्या दुकानातल्या ट्यूबा झाल्या, कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळी झाल्या. शेवटी शहरातल्या दवाखान्यात कातडीचा तुकडा काढून तपासला, तेव्हा खरं काय ते बाहेर आलं.

डॉक्टरबाई तरुण होत्या, पण समजावून सांगायची हौस होती त्यांना. म्हणाल्या, "काका, आपल्या रक्तात राखण करणाऱ्या पेशी असतात. बाहेरचा रोग आला की त्या धावून जातात. तुमच्या त्यातल्याच काही बिघडल्यात आणि कातडीत ठाण मांडून बसल्यात."

"म्हंजी कुंपनच शेत खातंय म्हना की," हे म्हणाले.

"अगदी तसंच," बाई हसल्या. मग त्यांनी उपाय सांगितला. अंगावर ठरावीक जातीचा उजेड सोडायचा. त्यानं बिघडलेल्या पेशी मरतात आणि शरीरातल्या चांगल्या राखणदारांना पुन्हा डोकं वर काढता येतं. कापाकापी नाही, सुई नाही. मला वाटलं, चला, देवानं एवढं तरी ऐकलं.

कपाटाएवढी खोली, आत चहूबाजूंनी उभ्या नळ्या. डोळ्यांना काळा चष्मा लावून, लाजेपुरतं झाकून, बाकी उघड्या अंगानं आत उभं राहायचं. आठवड्यातून दोन-तीनदा आम्ही लोकलनं जायचो. मी बाहेर बाकावर, हे आत. हळूहळू पाठ निवळली, पोट निवळलं. यांचा रंग मुळात गव्हाळ, तो चांगला भाजून निघाल्यासारखा झाला. मी म्हणायची, "दिवसभर भात लावून आल्यासारखे दिसताय!" हे खूश व्हायचे. मला रात्री झोप लागू लागली, कारण यांना लागू लागली होती. गळ्याभोवतीचा पट्टा मात्र जसाच्या तसा, उलट जाडच होत चालला होता.

डॉक्टरबाईंनी एक दिवस सदऱ्याचं वरचं बटण काढायला लावलं आणि कपाळाला हात लावला. "काका, आत जाताना माळ गळ्यातच असते का? सिस्टर दर वेळी सांगतात ना, अंगावर काही ठेवू नका म्हणून?"

हे खरंच चकित झाले. "न्हाई हो ठेवत. घड्याळ काढतो, अंगठी काढतो, कमरेचा करदोडासुदिक काढतो. माळ म्हंजी काय दागिना हाय व्हय?"

त्यांच्या लेखी माळ अंगावर नव्हतीच, अंगातच होती. मला हसू आलं आणि लगेच लक्ष माळेकडे गेलं. माळ दोन पदरी, टपोऱ्या मण्यांची, गळ्यालगत बांधलेली. जिथे मण्यांची सावली पडत होती, तिथपर्यंत उजेड पोचतच नव्हता. वर सरकवावी तर हनुवटीखाली अडकायची, हातानं धरावी तर हाताची सावली. डोक्यातून निघायची नाही, दोरा कापावा लागणार. बाईंनी स्पष्ट सांगितलं, तिथं गाठी व्हायला लागल्यात, हे असंच ठेवून चालणार नाही.

घरी आल्यावर आमचं जे भांडण झालं, तसं सगळ्या संसारात झालं नव्हतं. हे म्हणाले, "महाराजांनी गळ्यात घातली, आता ती जाळावरच जायाची. मालकाला इचारल्याबिगर गड्यानं दावं तोडू नये." महाराज तर कधीच वारलेले, विचारायचं कुणाला? मी तावातावानं म्हटलं, "तुमचा विठोबा एवढा हलक्या काळजाचा आहे का, की घटकाभर माळ काढली तर रुसेल?" हे उठून गोठ्याकडे गेले. मी कात्री घेऊन देव्हाऱ्यापुढे बसले आणि खूप रडले. झोपेत कापावी, असं मनात आलं होतं, खोटं कशाला सांगू. पण ज्याच्यावर माणूस जगतोय तेच चोरून कापायचं, हे काही मला जमेना. कात्री ठेवून दिली. म्हटलं, "बाबा रे, मला यातलं काही कळत नाही. माणूस तुझा, माळ तुझी, रोगही तुझाच. काय करायचं ते तू कर." कितीतरी दिवसांनी मी हात जोडले होते.

पुढच्या खेपेला दवाखान्यात बाकावरच हे स्वेटर काढायला लागले. स्वेटरची वीण माळेत अडकली, यांनी ओढलं आणि दोरा तुटला. मणी फरशीवर सगळीकडे पांगले. यांचा चेहरा घरातलं माणूस गेल्यासारखा पडला. मटकन खाली बसले. "चल घरी," एवढंच म्हणाले. माळ गळ्यात नसताना पाण्याचा थेंबही घ्यायचे नाहीत ते, उजेड कुठला घेणार?

शेजारी एक बाई बसल्या होत्या. मुलीला कोडावर उजेड द्यायला लोणावळ्याकडून आल्या होत्या. कुणी सांगायच्या आधी त्या खाली बसल्या आणि बाकाखालचे, दाराआडचे मणी एकेक करून पदरात घेऊ लागल्या. पायानं एकही सरकवला नाही. सगळे गोळा झाल्यावर यांच्यासमोर उकिडव्या बसून म्हणाल्या, "आबा, तुमी तोडली न्हाई. त्यानं सवताच्या हातानं सोडली. आता तुमी उजेडात जावा. तंवर म्या धरते, भुईवर न्हाई ठेवत."

हे त्यांच्या पदराकडे बघत राहिले. मग उठले आणि आत गेले. त्या दिवशी पहिल्यांदा यांच्या गळ्यावर उजेड पडला. बाई कार्ल्याला एकवीरेच्या पायथ्याशी वेण्या विकायच्या, सुई-दोरा पिशवीतच होता. हे कपडे घालून बाहेर येईस्तोवर त्यांनी अर्धी माळ ओवलीही होती. दोरा मुद्दाम लांब घेतला, डोक्यातून काढता-घालता येईल असा. पुरी झाल्यावर यांनी ती कपाळाला लावून गळ्यात घातली आणि मगच पाणी प्याले. गाडीत मी चिडवलं, "तुमचा विठोबा ऐकेना, म्हणून माझी एकवीरा धावली बघा." हे म्हणाले, "त्येंचं आपसात काय ठरलं आसंल, ते आपल्याला कुटं कळतंय?" पुढे त्या बाईंच्या आणि आमच्या वेळा जुळल्या नाहीत. त्यांना नीट धन्यवादही म्हटलं नाही, हे मला अजून लागतं.

तेव्हापासून हे आत जाताना माळ माझ्या हातात द्यायचे. ते बाहेर येईपर्यंत मी ओंजळ उघडायची नाही. गळा निवळत गेला. एक अख्खा भाताचा हंगाम आणि बऱ्याच एकादश्या आम्हाला सुखाच्या मिळाल्या. इथेच लिहायचं थांबवावं असं वाटतं, पण तसं झालं नाही.

काखेत गाठी आल्या, मग जांघेत, मग मानेत. डॉक्टरबाईंनी सांगितलं, रोग आत उतरलाय. उजेड कातडीपर्यंतच जातो, त्याच्या पलीकडे नाही. सांगताना त्यांचेच डोळे भरले. मग सलाइनमधून औषधं झाली, यांची भूक गेली, पखवाज भिंतीला टेकून राहिला. मी देवाला पुन्हा खूप बोलले. एवढं सगळं जुळवून आणलंस ते यासाठी का, म्हणून.

शेवटी शेवटी मानेच्या गाठींवर माळ रुतायला लागली. मला दिसत होतं, पण बोलायचं धाडस होईना. एका दुपारी मी पेज भरवायला बसले, तर यांनी आपल्या हातानं माळ काढून उशाशी ठेवली आणि तोंड उघडलं. माझा चमचा हवेतच राहिला. "अहो, माळ..." मी म्हटलं.

"आसू दे," हे म्हणाले. "गळ्यात माळ न्हाई म्हनून त्यो काय उठून जातोय व्हय? भरव."

त्यांनी दोन-तीन चमचेच खाल्ले असतील. पण एवढ्या शांतपणे खाताना मी त्यांना आजारपणात पाहिलं नव्हतं. त्याच आठवड्यात ते गेले. नेताना भजनकऱ्यांनी माळ मागून घेतली आणि यांच्या गळ्यात घातली.

मी यांचा जीव मागितला होता, तो मिळाला नाही. खाजेविना झोपेच्या रात्री मिळाल्या, आणि जाताना यांच्या मनात भीती नव्हती. हे मागायचं मला सुचलंही नसतं, म्हणून मी त्याची ऋणी आहे. लोक म्हणतात, तुम्ही किती धीरानं त्यांना देवाच्या हवाली केलंत. मी कुठलं केलं हो, त्यानंच नेलं. हवाली करायचं मी आत्ता शिकते आहे, ते गेल्यावर, रोज सकाळी दिवा लावताना. कधी जमतं, कधी दिव्यापुढेच हुंदका फुटतो. आज जमलं, म्हणून लिहायला बसले.