पत्रिकेच्या तळाशी माझा नंबर

आमच्या नात्यातल्या कुठल्याही लग्नाची पत्रिका उघडा. वर फोटो, मग वधू-वर, मग निमंत्रकांची लांबलचक रांग, आणि सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, 'रस्त्याच्या माहितीसाठी संपर्क' आणि पुढे माझा नंबर. हा मान मला कुणी दिलेला नाही, तो चिकटला. कारण एवढंच, की मी कल्याणच्या शेजारी शहाडला राहतो, गावाकडच्या गाड्या कल्याणला थांबतात, आणि मला नाही म्हणता येत नाही.

लग्न उरकलं की दारात एखादी चप्पल राहून जाते बघा. एकच. तिचा मालक कधी फोन करत नाही, आणि आपल्यालाही ती टाकवत नाही. माझ्याकडे हे किस्से तसेच साठलेत. लोकांना वाटतं, लग्नातले किस्से म्हणजे हसायचेच. हसा की! मीही आधी हसायचो.

*

पूर्वी मी सगळं तोंडी सांगायचो. मग माझा पुतण्या अक्षय म्हणाला, "काका, एकदाच मेसेज बनवा, ग्रुपवर टाका, टेन्शन खल्लास!"

मी अख्खा रविवार घालवून मेसेज बनवला. स्टेशनच्या कुठल्या बाजूला उतरायचं, पूर्व-पश्चिमेचा घोळ काय असतो, बस कुठून सुटते, शेअर रिक्षा कुठे मिळते, गुडघेदुखीवाल्यांनी जिना टाळून कसं यायचं, सगळं लिहिलं. ग्रुपवर टाकल्या टाकल्या सगळ्यांचे अंगठे आले. काहींनी हात जोडले. एकाने तर गुलाबाची फुलं पाठवली!

लग्नाच्या सकाळी पहिला फोन त्या फुलंवाल्याचाच. "भाऊ, जय भीम! यायचं कसं?"

"अहो, मेसेज टाकलेला ना मी?"

"पाह्यला ना! लय झ्याक लिवलाय. आता सांगा, यायचं कसं?"

*

माझी सीताआत्या मराठवाड्यातली. शाळेचं तोंड न बघितलेली, पण लग्न कुणाचंही असो, सगळ्यात आधी पोचणारी. एकदा मी तिला फोनवर सांगितलं, "आत्या, लग्न ठाण्याला आहे. विकासबरोबर ये."

"ठाण्यात? लगीन?"

"हो."

"म्या न्हाई यायची." आणि फोन ठेवला.

आम्ही पोट धरून हसलो. आत्याला पोलीस ठाणं वाटलं! हळदीला हा किस्सा एवढा फिरला, की बायका हळद लावता लावता एकमेकींना सांगत होत्या. दुसऱ्या दिवशी आत्याचा मुलगा विकास एकटाच आला. मी त्यालाही हसत हसत सांगितलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"आमच्या बापाला ठाण्यात बोलवलेलं एकदा," तो म्हणाला. "बांधावरून भांडण होतं. सकाळी गेला तो चालत गेला. आणला तो बैलगाडीत घालून."

"मग?"

"मग काय. अंथरुणातच गेला. आईला माहितीये हो, ठाणं म्हणजे शहर. टीव्हीवर बघते ती. पण आमच्या घरात तो शब्द काढत नाहीत."

पुढच्या लग्नाला मी तिला नुसतं 'मुंबईच्या जवळ' एवढंच सांगितलं. आत्या आली. हॉलच्या दारात रिक्षातून उतरली, इकडे-तिकडे बघितलं आणि विचारलं, "ह्ये कोन्तं गाव रं?"

ठाण्याचं नाव टाळून मी नुसता तिथला भाग सांगितला, "माजिवडा."

"बरं नाव हाय," आत्या म्हणाली आणि आत गेली.

*

माझ्या मेहुण्याचं लग्न डोंबिवलीत होतं. एकाच मालकाचे दोन हॉल, नावही एकच, एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला. मी छापखानावाल्याला बजावलेलं, 'पूर्व' हा शब्द ठळक छाप. ठळक काय झालं? 'स्नेहभोजन'!

माझ्या बायकोचे काका, रिटायर्ड मास्तर. त्यांचं आणि सासऱ्यांचं कितीतरी वर्षं बोलणं नव्हतं. या लग्नाच्या निमित्ताने सासरे स्वतः जाऊन पत्रिका देऊन आलेले. सगळ्यांचं लक्ष मास्तर येतात का याच्याकडे होतं. आणि मास्तर आलेच नाहीत. सासऱ्यांनी जेवण अर्धं टाकलं. म्हणाले, "मी माझ्याकडून हात पुढे केला होता. संपलं."

पुढे नात्यातल्या कुणाच्या तरी शोकसभेत दोघं समोरासमोर आले. सासरे तोंड फिरवून निघाले, तर मास्तरच बोलले, "अरे, तुझ्या दारात मी तासभर बसलो! एकाने पाणी विचारलं नाही!"

"कधी बसलात तुम्ही?"

"कधी म्हणजे? ते कारंजं आहे ना, त्याच्या शेजारच्या खुर्चीवर."

आमच्या हॉलला कारंजं नव्हतं. ते पश्चिमेच्या हॉलला होतं. मग सगळ्यांनी मिळून मास्तरांना समजावलं, की तुम्ही भलत्याच लग्नात बसलेलात. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं. चष्मा पुसला.

"हॉल चुकला असेल," म्हणाले. "पण अपमान नाही चुकला. तो बरोबर माझाच झाला."

*

अक्षयच्या मामेबहिणीच्या लग्नाआधी तिचे आजोबा, नाना, दवाखान्यात गेले. श्वास घेता येत नव्हता. घरच्यांनी ठरवलं, कुणाला कळू द्यायचं नाही, नाहीतर गावचे लोक म्हणतील लग्न पुढे ढकला. लग्नाच्या सकाळी नानांजवळ अक्षयला बसवलं आणि बाकीचे हॉलवर गेले.

गावाची गाडी माळशेज घाट उतरून येत होती. त्यांचा मला फोन, "लोकेशन पाठवा!" मला ते जमत नाही. मी अक्षयला म्हटलं, तू पाठव. त्याने रात्र जागून काढलेली. हॉलचं पाठवायच्या ऐवजी स्वतःचं पाठवलं!

गाडी गाणी वाजवत, हॉर्न देत दवाखान्याच्या फाटकात येऊन थांबली. बायका आमच्या लग्नांत नेसतात तशा नव्या पांढऱ्या साड्यांत, गजरे माळलेले. वॉचमन ओरडतोय, "ए, इधर गाडी नहीं लगाने का!" आणि तेवढ्यात औषधांची पिशवी घेऊन अक्षय समोर. गाणं कुणी बंद केलं कोण जाणे, पण बंद झालं.

दोघं दोघं करून सगळे वर गेले. नानांनी डोळे उघडले. पलंगाभोवती अख्खी भावकी, लग्नाच्या कपड्यांत. त्यांनी नळी बाजूला केली.

"लगीन हितंच ठेवलं का रं?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या आणि त्याच पदराने डोळे पुसले. नानांनी एकेकाला नावाने हाक मारली, कुणाच्या म्हशीचं विचारलं, कुणाच्या विहिरीचं. लग्न उशिरा लागलं. पुढच्याच आठवड्यात नाना गेले.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गावचे फार थोडे आले. मी फोन करून विचारलं तर म्हणाले, "आम्ही भेटलो की. तो बोलत होता तेव्हा भेटलो."

*

यायचा रस्ता सांगणं सोपं. एकदा मला 'येऊ नका' सांगायची वेळ आली.

आमच्या शेजारची दीपाली. लग्न तोंडावर आलेलं आणि मुलाकडच्यांनी नकार कळवला. कारण दिलं नाही. मी सगळ्यांना फोन लावत बसलो. ज्यांनी कधी तब्येत विचारली नाही, ते सगळे विचारत होते, "पण झालं काय? मुलीचं काही होतं का?"

एका मावशीला फोन लागला नाही. भुसावळची मावशी, दीपालीच्या आईची बहीण. मी कल्याण स्टेशनला गेलो. नवं नऊवार नेसलेली, हातात गाठोडं, लांबूनच हसत आली.

"लग्न मोडलं, मावशी."

ती तिथेच गाठोड्यावर बसली. पाणी प्यायली. मग म्हणाली, "पोरगी कुठंय?"

दीपाली दोन दिवस दार लावून आत होती. आई-बाप, मैत्रिणी, सगळे दार वाजवून थकलेले. मावशीने चपलासुद्धा काढल्या नाहीत. सरळ जाऊन दारावर थाप मारली.

"दीपे, उघड! एवढा प्रवास करून आले, ती काय त्या पोरासाठी? त्याला मी ओळखतसुद्धा नाही!"

कडी वाजली.

*

आता शेवटचा. हा मी फारसा कुणाला सांगत नाही.

माझा मोठा भाऊ वसंत. त्याची रोहिणी अंगणवाडीत जायची, तेव्हा तो घर सोडून गेला. दुसरीकडे संसार मांडला असं ऐकलं. आम्ही शोधलं नाही. वहिनीने मशीनवर ब्लाऊज शिवून दिवस काढले आणि रोहिणी आमच्याच घरात वाढली. शाळेच्या मीटिंगला मी, कॉलेजच्या ॲडमिशनला मी. वसंतदादाचं नाव घरात निघत नव्हतं. पत्रिकेवर घालायचं का, हा प्रश्न आला तेव्हा वहिनी म्हणाली, "छापा. नाव तरी कामाला येऊ दे त्याचं."

लग्न माजिवड्यालाच. सकाळी निघायच्या गडबडीत मी अंघोळीला गेलेलो आणि फोन वाजला. रोहिणीने उचलला. मला आतून सगळं ऐकू येत होतं.

"हॅलो, बोला. कुठून येताय? कल्याणला आहात ना, मग सोप्पंय. ठाण्याला उतरा, माजिवड्याची बस घ्या. पुलाच्या आधी उतरायचं हं, नंतर नाही. पुढच्या गेटला गर्दी असेल, तुम्ही मागच्या गेटने या. तिथे कुणी अडवत नाही... परत सांगू?"

तिने परत सांगितलं, न कंटाळता. मग विचारलं, "कोण येतंय म्हणून सांगू काकांना?" मग ती हसली. "मी? अहो, मी नवरी!"

मी बाहेर आलो. "कोण होतं गं?"

"पाहुणे होते कुणीतरी. रस्ताच विचारत होते सारखा. कट झाला."

नंबर ओळखीचा नव्हता. मी गॅलरीत जाऊन परत लावला. उचलला, पण बोललं कुणी नाही.

"वसंतदादा?" मी म्हटलं.

फोन ठेवला गेला. नंतर लागलाच नाही. आत वहिनी आरशासमोर उभी होती, कितीतरी वर्षांनी. मला सांगवलं नाही.

हॉलवर बुद्धवंदना झाली, लग्न लागलं, फुलं उधळली, पंगती सुरू झाल्या. मी मागच्या गेटपाशी खुर्ची टाकून बसलो. लोक हाका मारत होते, "अरे, फोटोला चल!" मी म्हणायचो, "पाहुणे यायचेत." केटररचा टेम्पो आला, बर्फवाला आला, एक कुत्रं आलं. दुसरं कुणी आलं नाही.

संध्याकाळी पाठवणी. रोहिणी आईच्या गळ्यात पडून रडली, मग माझ्या. गाडीत बसता बसता डोळे पुसले आणि विचारलं, "काका, ते सकाळचे कल्याणवाले पाहुणे आले का हो?"

"आले ना," मी म्हटलं. "मागच्या गेटनेच आले. पोटभर जेवून गेले."

तिने मान हलवली. काच वर करता करता थांबली.

"बरं झालं," म्हणाली. "आवाज अगदी तुमच्यासारखा होता."