दत्तूचा ईसीजी, किसनचं ऑपरेशन

"बाई, भूल देताय की नाही, तेवढं सांगा," सर्जन म्हणाले. ते हात धुवून तयार होते आणि मी पेशंटच्या ईसीजीची पट्टी उजेडात धरून उभी होते.

मी भूलतज्ज्ञ. सत्तरच्या दशकात पिंपरीतल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये जात असे. पेशंट होता पुनावळ्याचा किसन. कारखान्यात फोर्जिंगला, म्हणजे तापलेलं लोखंड घणाखाली ठोकतात त्या खात्यात. हर्नियाचं साधं ऑपरेशन. पट्टी मात्र सांगत होती, या माणसाला नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलाय. अशा हृदयाला भूल देणं म्हणजे विषाची परीक्षा.

"केस थांबवा," मी म्हटलं. सर्जन वैतागले, पण थांबले.

किसनला तपासलं. नाडी उत्तम, दम लागत नाही, छातीत कधी दुखलेलं नाही. आमच्याकडे ईसीजीचं मशीन नव्हतं. पेशंटला चिठ्ठी देऊन चिंचवडच्या एका फिजिशियनकडे पाठवायचो, तिथला टेक्निशियन पट्टी काढून द्यायचा. हातापायाच्या वायरी उलटसुलट लागल्या तर नसलेल्या अटॅकच्या खुणा उमटतात. मला तोच संशय होता. किसनला रिक्षात घातलं आणि मीच बरोबर गेले.

दुसरी पट्टी अगदी स्वच्छ आली. मला आनंद व्हायला हवा होता, पण हिशेब जुळेना. वायरींची चूक छातीवरच्या नोंदीत सहसा दिसत नाही, आणि पहिल्या पट्टीत खुणा तिथंही होत्या. इतका ताजा व्रण चार दिवसांत पुसला जात नाही.

टेक्निशियन किसनच्या छातीकडे बघतच राहिला. "मॅडम, मागच्या वेळी रबरी वाट्या चिकटतच नव्हत्या. केसांचं जंगल होतं नुसतं."

किसनची छाती तुळतुळीत होती.

"किसन, मागच्या वेळी इथं कोण आलं होतं?"

तो शर्टाची बटणं लावत बसला. मग म्हणाला, "दत्तू आला व्हता, बाई. माजा दोस्त. ऑपरेशनला रजा लागायची, म्हून मी शिफ्ट सोडली न्हाई. म्हटलं, नुसता कागुद तर आणायचा हाय. आमी हजेरीचं कार्ड न्हाई का येकमेकाचं पंच करत?"

मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. बोलता बोलताच लक्षात आलं. किसन सुटला होता. अटॅक दत्तूला आला होता आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

किसनकडून निरोप गेला आणि दत्तू दुसऱ्या दिवशी चिंचवडला आला. लातूरकडचा, तिशीतला, हसरा.

"मागं जबडा अन् खांदा लई दुखला व्हता," तो म्हणाला. "पित्त असंल म्हणून सोडा पिलो. बरं वाटलं की."

फिजिशियननी त्याचा ईसीजी पुन्हा काढला. खुणा त्याच. मी समजावलं, औषधं घे, आराम कर, मग हलकं काम माग. सर्टिफिकेट देते.

"हलकं काम परमनंट लोकाला, बाई. मी टेम्पररी. ह्यो कागद दावला की ब्रेक." ब्रेक म्हणजे कामावरून कमी करणं. "लेकरू दूध पितंय अजून."

त्यानं गोळ्या घेतल्या, सर्टिफिकेट टेबलावरच ठेवलं. त्याच्या मर्जीविरुद्ध कंपनीला कळवणं मला शक्य नव्हतं. भांडले त्याच्याशी. तो हसून नमस्कार करून गेला.

किसनचं ऑपरेशन छान झालं. टाके काढायला आला तेव्हा मी दत्तूची चौकशी केली.

"गेला, बाई."

किसन रजेवर, म्हणून घणावर माणूस कमी पडला होता. दत्तू एरवी मालाची गाडी ढकलायचा. सुपरवायझरनं कोण येतो म्हणून विचारल्यावर तोच पुढं झाला. चांगलं काम दिसलं तर परमनंट करतील, ही आशा. भट्टीसमोर जरा खाली बसला, तो उठलाच नाही.

"माज्या जागी गेला," किसन म्हणाला आणि ढसाढसा रडला. मलाही रडू आवरेना. जखम अजून ओली आहे, सांभाळ, एवढंच मी त्याला सांगू शकले.

तेव्हापासून ईसीजी हातात आला की मी पेशंटला विचारते, "हा काढला तेव्हा तूच झोपला होतास ना?" लोक हसतात. पण ती पहिली पट्टी काही खोटी नव्हती. दत्तूचा रोग तिनं वेळेत दाखवला होता. रोग सापडून उपयोग व्हायचा, तर माणूस परमनंट लागतो.