कोंडा निघाला

माझ्या लग्नाची बोलणी चालू होती आणि मानेवर पांढरे डाग उठले. हरभऱ्याच्या डाळीएवढे, फिकट, एकमेकांना लागून. आईने बघितल्या बघितल्या विचारलं, "मासे खाऊन दूध पिलीस का गं?" आमच्या मुखेडकडे कोड त्यानेच होतं म्हणतात. मी मासे खातच नाही, हे भीतीपोटी तिच्या लक्षातही आलं नाही.

कोड हा शब्द एरवी आमच्या घरात कुणी काढत नसे, कारण मावशी आमच्याकडेच राहायची. हात आणि ओठ पांढरे पडले म्हणून नवऱ्याने तिला आणून सोडलं, ते कायमचंच. तिचं ताट वेगळं, टॉवेल वेगळा. माझी तर पाचावर धारण बसली. आरशात मान वळवून बघायची आणि मावशीची चाहूल लागली की ओढणी ओढून घ्यायची.

"काय बघायलीस?" ती म्हणाली.

"काही न्हाई."

पुन्हा तिने विचारलं नाही. मला मात्र तिच्याकडे बघवेना. तिच्या हातांत मला माझे हात दिसायचे.

शेवटी आईने नांदेडला नेलं, तेही देवदर्शनाला जातोय असं सांगून. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी काचेच्या पट्टीने डाग खरवडला. पट्टीवर पिठासारखा भुगा आला.

"कोंडा निघाला, म्हणजे हे कोड नाही," त्या म्हणाल्या. "कोडात कातडी गुळगुळीत राहते. ही शिबं आहेत. घामावर वाढणारी बुरशी."

लावायला औषध दिलं आणि बजावलं, की बुरशी मेली तरी रंग भरायला महिने लागतात. तोवर घाबरून मेडिकलमधून कसलीही ट्यूब आणून चोळायची नाही.

उठताना मी विचारलं, "कोड दुसऱ्याला लागतं का हो?"

"अजिबात नाही."

आई पिशवीची गाठ बांधत राहिली.

परत येऊन घरात पाऊल टाकलं आणि आईला राहवलं नाही. "कोड न्हाई गं! देव पावला!" ती मोठ्याने म्हणाली. मावशी दारातच बसली होती. ती रडायलाच लागली, खरोखर आनंदाने.

"वाचलीस गं पोरी," म्हणत तिने माझ्यावरून कडाकडा बोटं मोडली. पण लांबूनच, माझ्या गालाला हात न लावता.